तापानुईचा ताप



हा लेख आम्ही दोघी बहिणींनी मिळून लिहिला आहे. बोलली धाकटी, कागदावर उतरवले थोरलीने. धाकटी गेली कित्येक वर्षे आजारी आहे. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त तिला बोलवत नाही. म्हणून रोज दहा मिनिटे, आणि वाईट दिवस असला तर तेवढेही नाही, असे करत करत हा मजकूर पुरा व्हायला सात आठवडे लागले. म्हणून कुठे धागा तुटल्यासारखा वाटला तर सांभाळून घ्या.

आजाराचे नाव क्रॉनिक फटीग सिंड्रोम. त्याचेच दुसरे, जुने नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, थोडक्यात एम.ई. मराठीत याला सोपे नाव नाही. कोणी 'दीर्घ थकवा' म्हणतात, पण त्या शब्दाने सगळा घोटाळा होतो. थकवा तर सगळ्यांनाच येतो. लग्नघरात चार दिवस राबले की येतो, मुंबईची लोकल पकडून घरी आलो की येतो, आणि रात्री झोप लागली की सकाळी जातो. हा जात नाही. झोपून उठले तरी जात नाही, आणि अंगातली ताकद वापरली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्याजासकट वसूल करतो.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी नव्या वर्षाच्या सणाला धाकटीला बरे वाटत होते. चिकाचा हलवा करायला घेतला होता. आपल्या घरांतून हा हलवा कसा करतात ते जुन्या मंडळींना सांगायला नको. गव्हाचा चीक, नारळाचे दूध, साखर, आणि तासन् तास ढवळणे. हात थांबला की खाली लागला. धाकटी म्हणाली, "ताई, थोडा वेळ मी ढवळते." तिने अर्धा तास ढवळले. त्या संध्याकाळी ती हसली, बोलली, ताटात वड्या पाडल्या. आम्हाला वाटले, सुटलो! तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून डोके उचलता येईना. घसा सुजला, उजेड सोसेना, जिभेवर साधे शब्द येईनात. पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. अर्ध्या तासाच्या हलव्याची ही किंमत.

डॉक्टर लोक याला श्रमानंतरची घसरण म्हणतात. हीच या आजाराची मुख्य खूण आहे, आणि ती उशिरा येते हे तिचे कपट. पाहुणा येतो त्या वेळी आजारी माणूस नीट दिसतो. तिसऱ्या दिवशी कसा असतो ते बघायला पाहुणा थांबलेला नसतो.

ताईची चूक

धाकटीला २००९ च्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलै महिन्यात, ताप आला. गळ्याच्या गाठी सुजल्या. ग्लँड्युलर फीव्हर असे निदान झाले. ताप गेला, गाठी उतरल्या, पण माणूस उठेना. रक्त तपासले, थायरॉइड तपासले, हृदय तपासले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट चांगले आले की लोक पेढे वाटतात. आम्हाला रडू आले. कारण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही, आणि आजार नाही म्हणजे मग काय? आळस? नाटक? मुंबईहून फोन यायचे: "तिला जरा हिंडव-फिरव. झोपून झोपून माणूस आणखी मऊ पडतं."

२०१० साली एका डॉक्टरांनी सांगितले की हळूहळू व्यायाम वाढवा, अंग आपोआप साथ देईल. तो सल्ला त्या काळात अनेक देशांत दिला जात होता. आम्ही ऑकलंडला ज्या रस्त्यावर राहतो तिथे प्रत्येक घरासमोर पत्रपेटी असते. थोरलीने हिशोब बांधला: रोज एक पत्रपेटी पुढे. पहिल्या दिवशी आठ पेट्या. दुसऱ्या दिवशी नऊ. असे करत नाक्यावरच्या दुकानापर्यंत, ज्याला इथे डेअरी म्हणतात, पोचायचे. धाकटी म्हणायची, "ताई, आज नको गं." थोरली म्हणायची, "नको म्हणूनच तर जायचं." चौथ्या आठवड्यात दोघी डेअरीपर्यंत पोचलो. आईसक्रीम खाल्ले.

पाचव्या आठवड्यात धाकटी अंथरुणाला खिळली. पुढचे सहा महिने पडदे लावलेल्या खोलीत गेले. न्हाणीघरापर्यंत जायला दोघांचा आधार लागे.

थोरलीने हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. धाकटीनेच आता आग्रह धरला की लिही. ती म्हणते, "तुझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या घरातली ताई हेच करत असेल तर तिला कळू दे." म्हणून लिहिले.

तापानुई गावची गोष्ट

आता थोडे मागे जाऊ या. ज्या देशात आम्ही राहतो त्या न्यूझीलंडचे या आजाराशी जुने नाते आहे. दक्षिण बेटावर पश्चिम ओटॅगो भागात तापानुई नावाचे लहानसे गाव आहे. आजूबाजूला मेंढ्यांची कुरणे आणि डोंगर. नाव माओरी भाषेतले, पण आम्हा मराठी माणसांना त्यात पहिला 'ताप'च ऐकू येतो. या गावात डॉ. पीटर स्नो हे साधे गावचे डॉक्टर होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आले की अंगमेहनत करणारी, कधी दवाखान्याची पायरी न चढणारी माणसे येऊन सांगू लागली आहेत की ताप आला होता, तो गेला, पण जोर काही परत आला नाही.

डॉ. स्नो यांनी त्यांना घालवून दिले नाही. माणसे ओळखीची होती. कोण कामचुकार आणि कोण नाही हे गावच्या डॉक्टरला ठाऊक असते. त्यांनी नोंदी ठेवल्या, आणि ओटॅगो भागातल्या दोन सहकाऱ्यांबरोबर, मॅरियन पूर आणि शार्लट पॉल यांच्याबरोबर, १९८४ साली न्यूझीलंडच्या वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. लेखाच्या नावातच 'उलगडा न झालेला आजार' असे शब्द होते. त्यात २८ रुग्ण होते. वर्तमानपत्रांनी त्याचे बारसे केले: 'तापानुई फ्लू'. फ्लू नव्हताच तो, पण नाव चिकटले. इथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांना आम्ही आजाराचे लांबलचक नाव सांगितले की ते मान हलवतात, आणि 'तापानुई फ्लू' म्हटले की लगेच ओळखतात.

त्याच सुमारास दुसऱ्या देशांत या आजाराला 'यपी फ्लू' म्हणून हिणवत. म्हणजे शहरातल्या पैसेवाल्या तरुणांचे लाडाचे दुखणे. मेंढ्यांच्या मुलखातल्या खेड्यात कुठले आले यपी!

दहा वर्षांनी त्या २८ जणांचा शोध घेतला गेला. त्यांपैकी २३ जण भेटले, आणि २१ जणांच्या मुलाखती नीट झाल्या. तो अहवाल १९९७ मध्ये आला. १६ जण पूर्वीसारखे कामाला लागले होते, मात्र काहींना पुन्हा आजार उलटू नये म्हणून राहणीमान बदलावे लागले होते. म्हणजे हा आजार सगळ्यांना जन्मभर धरून ठेवतो असे नाही. ज्यांच्या घरी नवा रुग्ण आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. डॉ. स्नो २००६ मध्ये वारले. आमची त्यांची कधी भेट झाली नाही. पण आमच्या घरात त्यांचे नाव आदराने घेतात, कारण त्यांनी संशोधनाची सुरुवात ऐकून घेण्यापासून केली.

तापानुई काही पहिले गाव नव्हे. १९४८ मध्ये आइसलंडमधल्या आकुरेरी गावात आणि १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात अशाच साथी आल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच एम.ई.ला मज्जासंस्थेच्या आजारांत जागा दिली. तरीसुद्धा पुढची कित्येक वर्षे रुग्णांना 'मनाचे खेळ' हेच ऐकावे लागले. इथल्या रुग्णांची देशव्यापी संघटना १९८० पासून आहे. न्यूझीलंडमध्ये किमान २५ हजार लोकांना हा आजार असावा असा अंदाज ती सांगत आली आहे, आणि २०२० नंतर कोविडमुळे अशा रुग्णांत भर पडली.

पेशीतल्या चुली

डनीडिनच्या ओटॅगो विद्यापीठात वॉरन टेट नावाचे जीवरसायनशास्त्राचे एमेरिटस प्राध्यापक आहेत. २०१० चे रदरफर्ड पदक, म्हणजे या देशातला विज्ञानाचा मोठा मान, त्यांना मिळाले. हा आजार त्यांच्या स्वतःच्या घरात आला. मुलगी शाळकरी वयात आजारी पडली, आणि बाप असलेल्या शास्त्रज्ञाने आपली प्रयोगशाळा या प्रश्नाकडे वळवली.

बालमित्रांनो, आपल्या शरीरातल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे छोटे भाग असतात. त्यांना पेशीतल्या चुली म्हणा. आपण खाल्लेल्या अन्नापासून त्या शक्ती तयार करतात. टेट यांच्या गटाने २०१९ मध्ये दहा रुग्ण आणि दहा निरोगी माणसे यांच्या रक्तातल्या पेशींची तुलना केली, आणि पुढच्या वर्षी त्या पेशींतली प्रथिने तपासली. रुग्णांच्या पेशींत रोगाशी लढणारी यंत्रणा बिघडल्याच्या आणि चुली नीट पेटत नसल्याच्या खुणा सापडल्या. २०२२ मध्ये त्यांनी दोन रुग्णांवर बराच काळ लक्ष ठेवले: आजार उलटला तेव्हा आणि सावरला तेव्हा. आपल्या डीएनएवर पेन्सिलीच्या टिपणांसारख्या खुणा असतात, कुठले पान वाचायचे आणि कुठले मिटून ठेवायचे हे सांगणाऱ्या. आजार उलटला तसतशा त्या खुणा बदलल्या. दोनच रुग्ण, म्हणून यावर इमारत बांधता येणार नाही. पण धाकटीने ऐकले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "म्हणजे वाईट दिवस खरंच वाईट असतो. मी बनवत नाही."

पामरस्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठात लिनेट हॉजेस यांनी दुसरी वाट धरली. रुग्णाला एकदा सायकलवर बसवून मोजायचे, आणि काही काळाने पुन्हा बसवून मोजायचे. एकाच दिवशी मोजले तर रुग्ण ठीकठाक दिसू शकतो. खरी गोष्ट दुसऱ्या खेपेला कळते. निरोगी माणूस दुसऱ्यांदाही जवळजवळ तेवढेच करतो. २०१८ च्या त्यांच्या छोट्या अभ्यासात या रुग्णांची कामाची पातळी दुसऱ्या खेपेला खाली गेली. आम्हाला आमचा चिकाचा हलवा आठवला. पाहुणा तिसऱ्या दिवशीही थांबला तर त्याला काय दिसते, तेच या बाईंनी मोजले.

पास होण्याचे गुण

आता जी गोष्ट सांगतो ती थोडी किचकट आहे, पण शाळेत जाणाऱ्या मुलांना ती मोठ्यांपेक्षा लवकर कळेल.

ब्रिटनमध्ये 'पेस' नावाची मोठी चाचणी झाली. ६४१ रुग्ण, सुमारे ५० लाख पौंड खर्च. २०११ मध्ये 'लॅन्सेट' मासिकात निकाल आला की टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम आणि एक प्रकारचे समुपदेशन यांनी रुग्णांना फायदा होतो. २०१३ मध्ये सांगितले गेले की या उपायांनी २२ टक्के रुग्ण बरे झाले. जगभर बातम्या छापून आल्या. नातेवाइकांनी कात्रणे पाठवली.

रुग्णांनी मात्र कागद बारकाईने वाचले. शरीराची कार्यक्षमता मोजायला शंभर गुणांची प्रश्नावली होती. ६५ किंवा कमी गुण असले तरच आजारी म्हणून चाचणीत प्रवेश. बरे झाले म्हणायला आधी ८५ गुण ठरले होते. नंतर ते ६० वर आणले गेले. मुलांनो, काय झाले बघा! ६५ गुणांनी आत आलेला रुग्ण आणखी खाली जाऊन ६० वर आला तरी या कसोटीत पास. नापासाचे गुण पासाच्या गुणांपेक्षा जास्त! बरे ठरायला आणखीही अटी होत्या, पण ही अट अशी होती.

ऑस्ट्रेलियातले एक रुग्ण, अलेम मॅथीस, यांनी २०१४ मध्ये माहितीच्या कायद्याखाली चाचणीची आकडेवारी मागितली. विद्यापीठाने नकार दिला. प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल रुग्णाच्या बाजूने लागला. आकडे बाहेर आले. ते पुन्हा मांडण्याच्या कामात पुढे होत्या वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन विल्शर, म्हणजे आमच्याच देशातल्या. त्यांच्याबरोबर मॅथीस आणि आयर्लंडचे टॉम किंडलन होते, दोघेही स्वतः रुग्ण. मूळ ठरलेल्या अटी लावल्यावर बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशनाच्या गटात ७ टक्के, व्यायामाच्या गटात ४ टक्के, आणि नुसत्या नेहमीच्या वैद्यकीय देखरेखीखाली असलेल्यांत ३ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नव्हता. मूळ संशोधकांना ही टीका मान्य झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ब्रिटनच्या नाइस संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्यांत ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नये असे स्पष्ट म्हटले.

ती बातमी आली त्या रात्री थोरली खूप रडली. धाकटीने तिचा हात धरून ठेवला. पत्रपेट्यांबद्दल आम्ही काही बोललो नाही.

रुग्ण काय मागतो

इतक्या वर्षांत आशाही खूप झाल्या. धाकटी आजारी पडली त्याच वर्षी, ऑक्टोबर २००९ मध्ये, अमेरिकेत एक विषाणू सापडल्याचे जाहीर झाले. आम्ही दिवस मोजू लागलो. डिसेंबर २०११ मध्ये 'सायन्स' मासिकाने तो लेखच मागे घेतला. दोष विषाणूचा नव्हता. नॉर्वेत रिटुक्सिमॅब औषधाच्या पहिल्या छोट्या चाचण्या आशादायक होत्या. मग १५१ रुग्णांवर नीट चाचणी झाली आणि २०१९ मध्ये कळले की औषधाचा आणि नुसत्या सलाईनचा परिणाम सारखाच. वाईट वाटले, पण त्या शास्त्रज्ञांचा राग आला नाही. त्यांनी खरे सांगितले. रुग्णाला खोट्या आशेपेक्षा खरा नकार बरा, कारण खोटी आशा अंगातली ताकद खर्च करवते.

ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनमधून 'डीकोड एम.ई.' या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष आले. १५,५७९ रुग्णांचे डीएनए तपासले, आणि आठ जागा सापडल्या जिथे रुग्णांत आणि इतरांत फरक आहे. त्यांपैकी काहींचा संबंध रोगप्रतिकाराशी आणि मज्जासंस्थेशी दिसतो. यातून उद्या गोळी मिळणार नाही, रक्ताची तपासणीसुद्धा नाही. पण रुग्णांनी लाळेच्या नळ्या घरूनच पोस्टाने पाठवल्या होत्या, आणि अभ्यास ठरवायला रुग्ण सुरुवातीपासून बसले होते. हे आम्हाला फार मोठे वाटते.

धाकटीचे मागणे तिने तीन दिवसांत, दहा-दहा मिनिटे बोलून सांगितले. एक, आम्हाला आधी विचारा की काय मोजायचे. दोन, पहिल्या दिवशी मोजून निघून जाऊ नका, तिसऱ्या दिवशीही या. तीन, जे दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाहीत त्यांना मोजणीतून वगळू नका, कारण सर्वांत आजारी तेच आहेत. चार, निकाल आमच्याविरुद्ध गेला तरी सांगा.

घरच्यांसाठी दोन शब्द

आम्ही आता एका साध्या नियमाने चालतो. जुन्या मंडळींना रॉकेलचा स्टोव्ह आठवत असेल. डबा रिकामा आहे, रेशनचे दुकान आठ दिवसांनी उघडणार, आणि स्टोव्हमध्ये वाटीभर रॉकेल आहे. शहाणी गृहिणी काय करते? भात शिजवते, चहा एकदाच करते, आणि आंघोळीचे पाणी तापवत नाही. धाकटी तसेच जगते. केस धुवायचे त्या दिवशी फोन नाही. फोन असेल त्या दिवशी केस नाहीत. शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत. विश्रांती हीसुद्धा नेमाने पाळायची गोष्ट आहे, हे आपल्याला तरी कोणी शिकवायला नको होते. आम्ही ते उशिरा शिकलो.

आजी-आजोबांनो, तुमच्या घरात कोणी असे आजारी असेल तर "उठ, बरं वाटेल" म्हणू नका. "आज किती जमेल?" एवढेच विचारा. बालमित्रांनो, तुमची मावशी किंवा आत्या अंधाऱ्या खोलीत पडून असेल तर ती तुमच्यावर रागावलेली नाही. एक चित्र काढून दाराखालून सरकवा. आमच्या घरी भाचरांनी तसे केले. धाकटीच्या उशाशी अशी एकेचाळीस चित्रे आहेत.

आमच्या रस्त्यावरच्या पत्रपेट्या अजून तशाच आहेत. गेल्या महिन्यात एका सकाळी धाकटी फाटकापर्यंत आली, पहिल्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली, आणि म्हणाली, "बस्स. आज एवढंच." थोरलीने मान हलवली, आणि दोघी घरात परत आलो.

सर्व वाचकांना उत्तम आरोग्य लाभो, आणि जे अंथरुणात आहेत त्यांचे ऐकून घेणारे कोणी तरी त्यांच्या जवळ असो.